मनवाचे उंदीर

४ एप्रिल, शुक्रवार

पहिली आली ती गंगुबाईच! पाहुण्यांचा अजून पत्ता नाही, मी ओट्यापाशी, आणि ही दारात – हातात रिकामी वाटी. साखर हवी म्हणे. कालच तिच्याकडे साखरेची पिशवी गेली ती मी लिफ्टमध्ये माझ्या डोळ्यांनी बघितली! "काय गो शेवंते, पावणे इले नाय अजून?" म्हणजे साखर नको होती, पावणे हवे होते. चाळीत होतो तेव्हा भिंतीला भिंत. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही एवढ्या वर चढलो, चिठ्ठ्या टाकून घरं वाटली – तरी चिठ्ठीत हीच समोर! बसली खुर्ची ओढून. बसू दे म्हटलं. मलाही आतून धाकधूक होती. कुणी असलेलं बरं.

मग दोघं आली. इरावती मॅडम – युनिवर्सिटीत मेंदूच्या आजारांचा अभ्यास करतात. केस पिकलेत, रंगवत नाहीत. आणि त्यांच्या हाताखाली डॉक्टरकी करणारा उन्मेष – औषध देणारी डॉक्टरकी नाही, दुसरी, पुस्तकाची. चपला न सांगता बाहेर काढल्या दोघांनी. आणि मनवा? सरळ जाऊन मॅडमच्या मांडीवर! माझी नात ती. कुणाची भीड नाही. सात वर्षांची झाली पण शब्दाचं शेपूट तेवढं बोलते. बापाला, म्हणजे माझ्या विनीतला, "नीत". लिफ्टला "फट". मला "जी". मॅडमच्या गळ्यातली माळ ओढून म्हणाली, "डम!" सगळी हसली. अशी गोड पोर बघितली नाही मी. माझी म्हणून नाही सांगत.

मनवाला फिट येतात. तान्ही असताना एकदा तापात आली, तेव्हापासून चालूच. ऊन लागलं – आली. आंघोळीचं पाणी जरा कढत पडलं – आली. डॉक्टरांनी मागे रक्त तपासून सांगितलं, दोष जन्माचाच आहे. पण बहुतेक आपसूक झालेला, आईबापाकडून आलेला नसावा. मग आम्ही पुढे तपासलं नाही. "बहुतेक" हा शब्द तेव्हा किती गोड लागला होता!

आता मॅडम सांगतात – त्याच रिपोर्टवरून मनवाचा दोष त्यांनी गेल्या काही वर्षांत उंदरात उतरवलाय! इथली युनिवर्सिटी आणि परदेशातली एक, दोघी मिळून. मनवाच्या अंगात जिथे बिघाड, बरोब्बर तिथेच उंदराच्या अंगात तसाच बिघाड करायचा. मग उंदरांनाही तशाच फिट. मग त्यांना नवी औषधं देऊन बघायची. पोरीवर असले प्रयोग करता येत नाहीत ना.

गंगुबाई माझ्या कानात म्हणाली – कानात कसलं, अख्ख्या मजल्याने ऐकलं – "गणपतीच्या वाहनाक फिट आणतत, आणि तू त्यांका चाय देतस!" मॅडम हसल्या. उन्मेष हसला नाही. मी त्याला विचारलं, "उंदरांना दुखतं काय रे?" खाली बघत म्हणाला, "हो आजी. दुखतं." खोटं नाही बोलला पोरगा. त्याला अजून एक लाडू दिला.

मग मॅडमनी विचारलं, घरात आणखी कुणाला फिट यायची का? मी ठणकावून सांगितलं, कुणाला नाही! माझ्या माहेरी नाही, सासरी नाही. माझी सून आकांक्षा म्हणाली, तिच्या माहेरीही नाही. तरी दोघांचं, विनीतचं आणि आकांक्षाचं रक्त घेतलं. दोष आईबापाकडून आलाय का, ते आता नक्की बघायचं म्हणे. मॅडमना उंदरांसाठी ते कळायला हवंय.

रक्त देताना आकांक्षा भिंतीकडे तोंड करून होती. सुईला भिणारी नाही ती. ओठ पांढरे का पडले मग? माझ्या सुनेला मी ओळखते. काहीतरी आहे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सुंठवड्याचं खोबरं भाजत होते. मनवा गॅलरीच्या जाळीला नाक लावून उभी – उन्हात! माझं लक्ष गेलं तोवर डावा हात उडायला लागला होता. नेहमी डावा हातच आधी. मनगटापासून. मग तोंड एका बाजूला, मग सगळी. कुशीवर घेतलं, "असू दे बाळा, असू दे" करत बसले. विनीतने नाकात स्प्रे मारला. थांबली. झोपली. खोबरं करपून कोळसा.

दर वेळी वाटतं – ही थांबलीच नाही तर?

९ एप्रिल, बुधवार

मसाल्याच्या मिरच्या आणल्या – बेडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी. मनवाला ठसका लागू नये म्हणून वाळत घातल्या गंगुबाईच्या गॅलरीत. ती म्हणते, "मसालो तुमचो, शिंका आमच्या!" दरवर्षी एक बरणी तिची असते, ते नाही सांगत.

धण्याचा वास सुटला आणि आकांक्षा तोंड दाबून न्हाणीघरात पळाली. मी दाराबाहेर उभी! बाहेर आली तशी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. अगं बाई! मी टाळीच वाजवणार होते. तिने माझे दोन्ही हात धरले. "आई, ओरडू नका. कुणाला सांगू नका. गंगुबाईंना तर अजिबात नाही."

मी म्हटलं, नाही सांगणार. पण लपवायचं कशाला? शुभ आहे!

मग ती खाली बसली आणि सांगितलं. डॉक्टर "बहुतेक" म्हणाले म्हणून तिने आणि विनीतने पुन्हा धीर केला. आता मॅडमनी समजावलंय – दोष आपसूक झालेला असेल तर पुढच्या बाळाला धोका नसल्यातच जमा. पण तो आईत किंवा बापात असेल, तर पुढच्यालाही अर्धी शक्यता. मी विचारलं, अर्धी म्हणजे? अर्धी फिट? "नाही हो आई. छापा-काटा. आला तर पुरता आला."

"आणि घरचाच निघाला तर?"

आकांक्षा धण्यांकडे बघत म्हणाली, "तर मी हे नाही ठेवू शकत. मनवाला आहे, तिला मी जीव देईन. पण जाणूनबुजून दुसरं नाही."

मी धणे चाळत बसले. चाळलेलेच परत चाळले.

आमचे हे होते तेव्हा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचे. सांगायचे – ताण्यातला एक उभा धागा तुटून गेला आणि साचेवाल्याचं लक्ष नसलं, तर कापडाच्या अख्ख्या ताग्यावर रेघ पडते. कुठेही फाडा, तुकड्यात रेघ आहेच. गंमत म्हणून सांगायचे. आज आठवलं आणि चाळण खाली ठेवली.

१५ एप्रिल, मंगळवार

आज उंदीर बघितले!

मॅडमनी आजारी पोरांच्या घरच्यांना बोलावलं होतं, काय चाललंय ते दाखवायला. आकांक्षा नाही आली – वासाने मळमळतं हे कारण. विनीत आणि मी टॅक्सीने गेलो. मी नवी साडी नेसले होते. विनीत म्हणाला, "आई, लग्नाला नाही चाललो." मी म्हटलं, आपल्या मनवाच्या नावाचे उंदीर आहेत, पहिल्यांदा बघायचं, तर काय गाऊनवर जाऊ?

उंदरांच्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत. आपल्या अंगावरचे जंतू त्यांना लागतील म्हणे! उंदरांना आपले! गंगुबाईला सांगितलं तर हसून पडेल. बाजूच्या खोलीत मोठा टीव्ही, त्यावर आतलं दिसतं. पेटीत पेटी, प्रत्येकीला पाण्याची बाटली उलटी टांगलेली, खाली भुसा. आपल्या गटारीतल्या घुशींसारखे नव्हेतच ते. अंगठ्याएवढे, काळे कुळकुळीत, कान पातळ. एक आई आणि तिची पिल्लं ढिगाने. उन्मेष म्हणाला, "ह्यातल्या साधारण निम्म्यांना दोष आहे, निम्म्यांना नाही. आई एकच." मी डोळे फाडून बघितलं, कुठल्याला आहे, कुठल्याला नाही. सगळी सारखीच. एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली.

छापा-काटा, छापा-काटा. माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

मग दुसऱ्या पेटीतला एक मोठा – भुशात नाक घालून फिरत होता – थबकला. पुढचा डावा पंजा उचलला. आणि तो पंजा उडायला लागला.

मी उभी राहिले. बाकीची माणसं बघत होती, लिहून घेत होती. मला माहीत होतं आता तोंड वळणार. वळलं! मग सगळं अंग. पाय ताठ. शेपूट काडीसारखं उभं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुशीवर घ्या त्याला! अरे कुणीतरी कुशीवर घ्या!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. विनीतने माझा दंड धरला. उन्मेष हळूच म्हणाला, "आजी, आत्ता हात लावता येत नाही. आपोआप किती वेळात थांबतं तेच बघायचंय." मी खुर्चीत बसून टीव्हीला म्हणत होते, असू दे बाळा, असू दे.

थांबली त्याची. मग उठला, लटपटला, पाण्याच्या बाटलीशी गेला. तसाच तहानलेला, जशी आपली पोर होते.

निघताना उन्मेषला विचारलं, डावाच पंजा कसा रे? मनवाचाही डावाच हात. तो म्हणाला, "योगायोग आहे आजी. दुसऱ्याचा उजवाही असतो." असेल. शिकलेला आहे तो. पण मी जे बघितलं ते बघितलं.

टॅक्सीत विनीत एवढंच म्हणाला, "आई, घरी तिला हे सांगू नकोस." सांगितलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सोसायटीचा माणूस उंदरांसाठी गोंदाचे पुठ्ठे वाटत आला. मी म्हटलं आमच्याकडे नको. गंगुबाई समोरून, "का गो? तुझे सोयरे झाले काय ते?" माझं हसू आणि रडू एकदम आलं. दार लावून घेतलं.

२१ एप्रिल, सोमवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते. कुणाशी बोलू?

मॅडम एकट्याच आल्या होत्या. मनवाच्या फिटची चौकशी करायला – कधी, केवढी, कशाने. ते झालं, मग मी सोलकढी दिली. ऊन मरणाचं. मनवा मॅडमच्या पायाशी डबे वाजवत बसलेली. बाई मोकळी आहे, बोलायला बरं वाटतं, आणि माझं तोंड तर सुटलं की सुटलं. गावच्या चैत्राच्या जत्रेवर गोष्ट आली. मी सांगत सुटले – मॅडम, मी लहान होते तेव्हा जत्रेत माझा काय मान! सातेरी देवी यायची माझ्या अंगात!

मॅडम हसत होत्या. "हो? तुमच्या?"

"मग! एवढीशी पोर मी, आणि म्हातारे माझ्या पाया पडायचे. बाया तान्ही पोरं आणून माझ्या पायावर घालायच्या. उन्हात देवळापर्यंत चालत जायचं, तिथे ढोल वाजायला लागले की आलीच देवी. डोळे वर. अंग ताठ. आई सांगायची, सातेरी डाव्या हाताने आशीर्वाद देते – आधी माझा डावा हात हलायला लागायचा, मग ती पुरती अंगात यायची. तोंडाला लाळ यायची ती आई हळदीच्या पदराने पुसायची. मग मी झोपून जायचे. उठले की काही आठवायचं नाही. सगळे नारळ माझ्या बाजूला ठेवलेले!"

सांगताना मी काय आनंदात! आणि बघते तर मॅडमनी वाटी खाली ठेवलेली.

"आजी, तेव्हा अंगात ताप असायचा का?"

"अंग तापलेलंच असायचं. देवीचं तेज ते!"

"जत्रा सोडून कधी?"

"गोवर आला तेव्हा आलेली एकदा. आईने घरातच ओटी भरली."

"शेवटचं कधी?"

"पदर आला आणि बंद झालं. मग लग्न होऊन इथे आले. परत कधी नाही."

एवढं बोलले आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. डावा हात. डोळे वर. लाळ. झोप. मी मनवाकडे बघितलं. ती डब्याचं झाकण तोंडात घालून माझ्याकडे बघून हसली.

आकांक्षा आतल्या दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे.

मॅडमनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "आजी, ते काय होतं हे मी असं बसून सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार. पण तुमचंही रक्त घेऊ का?"

घ्या म्हटलं. नाही कसं म्हणू? दंड पुढे केला. नळीत माझं रक्त भरत होतं ते बघत होते. काळपट लाल. रेघ बिघ काही दिसत नाही त्यात.

त्या गेल्यावर आकांक्षा म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"मला फिट कधी आलीच नाही गो. देवी आली."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही. माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि आत गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

ती देवी नव्हती? मग आई ओटी कुणाची भरायची? बाया पोरं कुणाच्या पायावर घालत होत्या?

दिवसभर हेच. देवघरासमोर जायला पण भीती वाटली आज. फूल लांबूनच ठेवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

विनीतला आज जेवताना विचारलं – तुला आठवतं, तू लहान असताना तापात एकदा दात खिळलेले? तो म्हणाला, "आई, जेवू दे ना." भात टाकून उठला. कधी ताटात टाकत नाही तो.

गंगुबाई आली होती. घरात कुणी बोलत नाही हे तिने वाऱ्यावरून ओळखलं. पण काही विचारलं नाही! मनवाला घेऊन बसली, तिच्या वेण्या घातल्या, गेली. जाताना म्हणाली, "माका काय सांगू नको. पण जेव." म्हणजे मी जेवत नाही हेही ओळखलं!

२६ एप्रिल, शनिवार

पुढच्या शनिवारी आकांक्षाची डॉक्टरकडे वेळ ठरली. रिपोर्ट तोपर्यंत येईल म्हणाल्या मॅडम. घरात दोष निघाला तर काय करायचं ते दोघांचं ठरलंय. मला कुणी सांगितलं नाही. दोघांच्या तोंडावर लिहिलेलं आहे.

पोटातल्या बाळाचंही तपासता येतं म्हणे, थोडं पुढे गेल्यावर. मी चाचरत म्हटलं, मग तेवढं थांबून बघायचं ना? आकांक्षा म्हणाली, "तोवर ते हलायला लागेल, आई. मग मला जमणार नाही." खरं आहे तिचं. मी पोट धरून बसले, जसं माझंच आहे.

दुपारी घरात मनवा आणि मीच. नारळ ठेवला देवापुढे. आमच्यात गाऱ्हाणं पुरुष घालतात. हे असताना हे घालायचे, शिमग्याला, गणपतीत, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे हात जोडायचे. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं, तरच ते देवापर्यंत पोचतं. आता हे नाहीत आणि विनीतला येत नाही. मग मीच उभी राहिले, पदर डोक्यावरून घेऊन.

बा देवा महाराजा, आज ही शेवंती तुझ्या पुढ्यात उभी आसा. म्हातारी आसा, चुकीमाकी पदरात घे. ही जी काय रेघ पडली असात, ती माझ्या रक्तात नसांदे, माझ्या झिलाच्या, विनीतच्या रक्तात नसांदे...

आणि तिथेच अडले. आमच्यात नसू दे म्हणजे? आकांक्षाच्या माहेरची असू दे? त्या पोरीच्या माथी? जीभ चावली. परत सुरुवात केली. कुणाच्याच घरची नसांदे रे महाराजा. आपसूक असांदे. उंदरांका पण...

उंदरांसाठी काय मागू ते कळेना. त्यांच्यात तर मुद्दाम घातलेली आहे.

थांबले तर मागून आवाज – "जा!" मनवा! दोन्ही हात जोडून, एक पाय वर. "होय महाराजा"चं शेपूट! मी परत मागितलं, ती परत, "जा!" मी रडत होते आणि हसत होते. देवाला काय ऐकू गेलं असेल ते असो.

२९ एप्रिल, मंगळवार

उन्मेष आला होता, मनवाच्या औषधांची नावं लिहून घ्यायला. एकटाच. मी भीत भीत विचारलं, रिपोर्ट? अजून नाही म्हणाला. मग फणस दिला कापून. गऱ्याबरोबर तो बोलायला लागला.

दोन युनिवर्सिट्यांचं भांडण लागलंय म्हणे! भांडण म्हणजे हातघाईचं नाही, कंप्युटरवर समोरासमोर बसून. तिकडचे उंदीर आणि इकडचे उंदीर, दोघांत मनवाचाच दोष. पण तिकडची पिल्लं जेमतेम दूध सुटेपर्यंत जगतात. फिट आली की गेली. आणि इकडची? फिट येते, उठतात, पाणी पितात, म्हातारी होतात! काहींना तर येतच नाही. तिकडचे म्हणाले, मुंबईवाल्यांनी दोष नीट घातलाच नाही. मॅडमना राग आला. परत परत तपासलं. दोष आहे! जसाच्या तसा आहे.

"मग रे?"

"उंदरांची जात वेगळी आहे, आजी. तिकडची एक, आपली दुसरी. बिघाड तोच. पण आपल्या जातीच्या अंगात दुसरं काहीतरी आहे, जे त्या बिघाडाला पुरून उरतं."

"काय आहे?"

"तेच तर कुणाला माहीत नाही!" डोळे कसे चमकले त्याचे! मला ऐकवेना. मी म्हटलं, ती तिकडची पिल्लं – त्यांच्या आयांचं काय होत असेल रे? तो चिकट हात बघत बसला. खोबरेल आणून दिलं त्याला.

आकांक्षा आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

१ मे, गुरुवार

विनीतला सुट्टी. तिघं खाली बागेत गेली संध्याकाळी ऊन उतरल्यावर. गॅलरीतून बघितलं – आकांक्षा एका हाताने मनवाला धरून, दुसरा हात पोटावर. तिला माहीतही नसेल तो हात तिथे आहे.

उद्या रिपोर्ट. परवा डॉक्टर.

देवा, मी काही मागत नाही. मागायला भीती वाटते.

२ मे, शुक्रवार

मॅडमचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर लावून आम्ही तिघं भोवती बसलो. दोष आहे. विनीतमध्ये आहे. आणि माझ्यात. माझ्याकडूनच उतरलाय. मी आकांक्षाचे पाय धरायला वाकले. तिने धरू दिले नाहीत. पण मॅडम बोलतच होत्या – "आजी, ऐकताय ना? मनवाचा आहे तोच दोष, जसाच्या तसा, आणि तुम्ही सत्तरी ओलांडलीत. विनीतही ठणठणीत. तुम्हा दोघांत असं काय आहे जे मनवाला मिळालं नाही, ते शोधायचंय. तिकडचे लोकही येणार आहेत. सुरुवात तुमच्यापासून." मग आकांक्षाने विचारलं, "म्हणजे दोष आला तरी मनवासारखंच होईल असं नाही?" मॅडम म्हणाल्या, "नाही. वचन देत नाही. पण नाही." आकांक्षाने उद्याची डॉक्टरची वेळ पुढे ढकलली.

सगळे गुरुवारी येतो म्हणाले. ह्या वेळी मनवाला बघायला नाही – मला.